झडप आणि सरकते तावदान : न्हावरे परिसरातील घरांच्या खिडकीचे एक विवेचन

शब्दांचा इतिहास वस्तूंच्या इतिहासापासून तोडून लिहिता येत नाही, हे मत ग्रात्स येथील रुडॉल्फ मेरिंगर व हूगो शुखार्ट या दोन पंडितांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आग्रहाने मांडले. १९०९ साली निघालेल्या ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाच्या जर्मन नियतकालिकामुळे या पद्धतीस तेच नाव मिळाले. मेरिंगरने आपल्या अभ्यासासाठी निवडलेला विषय फार भव्य नव्हता. शेतकऱ्याचे घर आणि त्या घरातील भांडीकुंडी हाच तो विषय होय. मराठी मुलखातील घराच्या एका लहानशा भागाकडे, म्हणजे खिडकीकडे, याच दृष्टीने पाहिले असता एक व्यावहारिक प्रश्न बराच स्पष्ट होतो. नवे घर बांधणाऱ्याने बिजागरीवर फिरणाऱ्या झडपांची खिडकी बसवावी, की खाचेतून सरकणाऱ्या तावदानांची, असा तो प्रश्न आहे.

शिरूर तालुक्यातील न्हावरे हे गाव शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दक्षिणेस दौंड तालुका लागतो. प्रदेश पर्जन्यछायेचा, मूळचा कोरडवाहू. घोड व भीमा यांच्या पाण्यावर आणि पुढे चासकमानच्या कालव्यावर येथे ऊस आला, घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावी उभा राहिला, आणि उसाबरोबर घरांचे रूपही पालटले. दगडमातीच्या जाड भिंती व धाब्याचे छप्पर यांच्या जागी विटांच्या वा सिमेंट-ठोकळ्यांच्या सहा-नऊ इंची भिंती आणि काँक्रीटची स्लॅब आली. या बदलात खिडकीचे काय झाले, हे पाहण्याआधी तिच्या नावांचा थोडा परामर्श घेणे इष्ट ठरेल.

‘खिडकी’ हा शब्द आज ज्या अर्थी रूढ आहे तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. संस्कृत कोशांत ‘खडक्किका’ असा शब्द बाजूचे किंवा मागील दार या अर्थाने आढळतो. मराठीतही मोठ्या दरवाजाच्या फळीत माणसाला वाकून जाण्यापुरते जे लहान दार ठेवीत त्यास खिडकी म्हणत. पुण्याच्या शनिवारवाड्याचा ‘खिडकी दरवाजा’ हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. म्हणजे खिडकी ही प्रथम जाण्या-येण्याची वाट होती. ‘वातायन’ या शब्दात वारा आहे. ‘गवाक्षा’त डोळा आहे, इंग्रजी ‘विंडो’ हा शब्दही जुन्या नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या समासातून आला असल्यामुळे वारा व डोळा या दोन्ही कल्पना तेथे एकत्र सापडतात. ‘तावदान’ हा शब्द फारसी ‘ताबदाना’वरून आला, त्यातील ‘ताब’ म्हणजे प्रकाश, आणि ‘दान’ हा शमादान, अत्तरदान यांतील धारणवाचक प्रत्यय. गोव्यात पोर्तुगीज ‘जनेला’पासून ‘जनेल’ झाले. तेथील जुन्या घरांतून काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवीत. त्यांतून उजेड येई, परंतु बाहेरचे दिसत नसे. गवाक्षाचे काम नाकारून केवळ तावदानाचे काम करणारी अशी ही खिडकी होती.

वारा, दृष्टी, प्रकाश व वाट ही खिडकीची चार कामे शब्दांनीच वेगळी करून ठेविली आहेत. पाचवे काम मात्र या नावांत नाही, ते तिच्या अवयवांच्या नावांत आहे. कवाड, झडप, अडसर, खिट्टी, कडी, कोयंडा, गज हे सर्व शब्द रोधाचे आहेत. खिडकी जेवढी उघडण्यासाठी असते तेवढीच ती बंद करण्यासाठी असते, आणि झडपांची की सरकती हा वाद वस्तुतः बंद करण्याच्या रीतीविषयीचाच वाद आहे.

बाजारात सध्या यांना ‘ओपनेबल’ आणि ‘स्लायडिंग’ म्हणतात. पहिले नाव तर मोठे मौजेचे आहे. दोहोंपैकी एकीस ‘उघडता येणारी’ म्हटले की दुसरी उघडता येत नाही असे अनुमान निघते, आणि ते अनुमान अर्धे खरे आहे. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी एका तावदानामागे दुसरे जाऊन बसते. चौकटीचा निम्मा भाग नेहमीच झाकलेला राहतो. मराठीत खिडकी ‘सताड’ उघडता येते. सरकत्या खिडकीला हे क्रियाविशेषण लावता येत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली काढलेल्या ‘इको-निवास संहिते’त हीच गोष्ट आकड्यांनी मांडली आहे : झडपांच्या खिडकीचे उघडणारे क्षेत्र ९० टक्के, दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे ५० टक्के, आणि तीन तावदानांच्या सरकत्या खिडकीचे ६६.६७ टक्के धरावे, असे ती सांगते.

येथे शब्दाने होणारी एक फसगत नमूद करणे अवश्य आहे. ‘तीन ट्रॅकची खिडकी’ म्हणून जी सर्रास विकली जाते, तिच्यातील तिसरी खाच बहुधा मच्छरजाळीसाठी असते. तीन ट्रॅक म्हणजे तीन तावदाने नव्हेत. जाळीसाठी एक खाच गेल्यावर काचेची तावदाने दोनच उरतात, आणि उघडणारे क्षेत्र पुन्हा निम्म्यावर येते. तेही जाळीआडचे, जाळी जितकी बारीक तितका वारा मंद. गिऱ्हाईक मात्र तीन या संख्येने सुखावते.

ही अर्ध्याची तूट किती महत्त्वाची, ते एका लहान घराच्या हिशेबावरून कळते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०१६ पासून, घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविलेले आहे. उपर्युक्त संहितेप्रमाणे घराच्या चटई-क्षेत्राशी उघडणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानात किमान १० टक्के, समशीतोष्ण व संमिश्र हवामानात १२.५ टक्के आणि उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के असावे. तळमजल्यावरील बाहेरची दारे यात धरावयाची नाहीत, कारण ती रात्री बंद होतात. संहिता मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी आहे, खेड्यातील घरावर ती बंधनकारक नाही. परंतु वाऱ्याला हा भेद ठाऊक नसतो. मधले १२.५ टक्क्यांचे प्रमाण घेतल्यास २५ चौरस मीटरच्या घराला ३.१२५ चौरस मीटर उघडी जागा हवी. झडपांच्या खिडक्यांनी ती साधावयाची तर चौकटींचे एकूण क्षेत्र सुमारे ३.४७ चौरस मीटर लागेल, १.२ मीटर लांबी-रुंदीच्या तीन खिडक्या पुरतात. तीच जागा दोन तावदानांच्या सरकत्या खिडक्यांनी मिळवावयाची झाल्यास ६.२५ चौरस मीटर, म्हणजे त्याच मापाच्या पाच खिडक्या लागतील. खिडक्यांची संख्या न वाढविता केवळ प्रकार बदलला की घरातील वारा जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि हे नेमके त्याच घरात घडते, ज्याचे छप्पर स्लॅबचे वा पत्र्याचे असून दिवसभर तापत राहिलेले असते.

एप्रिलात पुणे परिसरात दुपारचे तापमान ३८ अंशांच्या आसपास जाते, आणि पहाटे ते २०-२२ अंशांपर्यंत उतरते. दिवस व रात्र यांतील हे अंतर देशावरच्या हवेचे सर्वांत मोठे वरदान होय. दुपारी घर झाकावे, रात्री उघडावे, आणि भिंतींत साठलेली उष्णता पहाटेच्या वाऱ्याने बाहेर काढून टाकावी, हा या प्रदेशातील घर थंड ठेवण्याचा नियम आहे. जुन्या धाब्याच्या घराला खिडक्या फारच थोड्या असत. जाड भिंती, झरोका व धुराडे यांवर त्याचे भागत असे, आणि उन्हाळ्यात माणसे धाब्यावर वा अंगणात निजत. त्या घराला हवेशीर म्हणणे म्हणजे पूर्वजांच्या प्रेमाने सत्याकडे पाठ फिरविणे होय. चुलीचा धूर माजघरात कोंडत असे, व तो बायकांच्या डोळ्यांत जात असे. परंतु त्या घरातील जी काही खिडकी होती, तिच्या झडपा लाकडी फळ्यांच्या होत्या. येथे या प्रश्नाची एक दडलेली बाजू पुढे येते.

झडपांची खिडकी जाऊन सरकती खिडकी आली असे म्हणताना फक्त हालचाल बदलली असे वाटते. प्रत्यक्षात द्रव्यही बदलले : लाकूड गेले, काच आली. जुन्या खिडकीत रोध करणारी झडप अपारदर्शक होती, म्हणून ती बंद करताच ऊनही थांबे. सरकत्या खिडकीत झडप व तावदान यांचे काम एकाच वस्तूवर आले आहे. ती बंद केली तरी ऊन आत येतच राहते. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो, आणि ऊनही त्याच दिशेने येते. पश्चिमेच्या खिडकीने दुपारी उन्हास अडवावे व सायंकाळी वाऱ्यास घ्यावे अशी ही परस्परविरुद्ध मागणी आहे. फळीची झडप ती सहज पुरी करते. काचेचे सरकते तावदान दुपारी ऊन घेते व सायंकाळी अर्धाच वारा देते. मग त्यास पडदा लागतो, आणि पडदा वाऱ्यास अडवितो. काचेच्या झडपांची खिडकी घेतल्यास हा दोष तिलाही चिकटतो, हे अर्थात् विसरता कामा नये.

‘किलकिली’ हा शब्दही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. डोळे किलकिले होतात, दार किलकिले असते, खिडकी किलकिली ठेवता येते. तीनही ठिकाणी कल्पना एकच आहे : एका कडेवर फिरणारी पापणी. झडप किलकिली ठेवली असता पडणारी फट समोर नसून बाजूस असते. तिच्यातून वारा वळून आत येतो, परंतु रस्त्यावरील माणसाची नजर व पावसाचा बराचसा झोत बाहेर राहतो. सरकत्या खिडकीची फट कितीही लहान केली तरी ती समोरच असते. जेवढे उघडे तेवढे उघडे. म्हणून सरकत्या खिडकीविषयी बोलताना ‘किलकिली’ हा शब्द जिभेवर येत नाही, ‘थोडी सरकव’ असेच म्हटले जाते. ज्या घरात स्त्रिया दुपारी पुढच्या खोलीत आडव्या होतात, त्या घरात या शब्दभेदाचा अर्थ पंखा लावावा लागणे वा न लागणे इतका प्रत्यक्ष असतो.

बाहेर उघडणाऱ्या झडपेचा आणखी एक गुण बांधकाम करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येतो. भिंतीला समांतर वाहणारा वारा सपाट खिडकीवरून घसरून निघून जातो. उघडी झडप त्याच्या वाटेत उभी राहते व त्यास आत वळविते. त्यासाठी बिजागरी वारा ज्या दिशेस जातो त्या कडेस हवी. उत्तरेच्या भिंतीत पश्चिमेचा वारा पकडावयाचा असेल तर बिजागरी पूर्वेच्या कडेस बसवावी. दोन झडपांची जुनी खिडकी ही निवड घरातल्या माणसावर सोपविते : पावसाळ्यात एक झडप उघडावी, थंडीत दुसरी.

सरकत्या खिडकीचा पक्षही दुबळा नाही. गावठाणातील गल्ली दोन बैलगाड्यांनाही पुरत नाही. तेथे बाहेर उघडणारी झडप जाणाऱ्याच्या कपाळास लागते, आणि आत उघडणारी झडप खोलीतील पलंग वा कपाट यांस अडते. सरकते तावदान स्वतःच्या चौकटीबाहेर कोठेच जात नाही. वळवाच्या पावसाआधी जी वावटळ उठते, तिच्यात हूक न लावलेली झडप आपटून काच फुटते. सरकत्या तावदानास हे भय नाही. लाकडी झडप पावसाळ्यात फुगते, काही वर्षांनी बिजागरीवर झुकते, तिला वाळवी लागते. मुख्य कारण मात्र कारागिराचे आहे. पूर्वी झडप बसविणारा सुतार गावातच होता, आणि फुगलेल्या झडपेला रंधा मारावयासही तोच येत असे. आता खिडकी माप पाठवून फॅब्रिकेटरकडून येते, चौरस फुटाच्या दराने. आणि त्या दरात सरकती खिडकी सामान्यतः स्वस्त पडते. घर बांधून होत आले की पैसा संपत आलेला असतो, आणि खिडक्यांची पाळी नेमकी तेव्हाच येते.

खेड्यातील माणसाच्या हाताला सरकत्या काचेची सवय एस.टी.ने लावली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी. धावू लागली, आणि पुढच्या काळात आडव्या खाचेतून सरकणाऱ्या काचांच्या गाड्या सर्वत्र झाल्या. खाचेत अडकलेली, एका हाताने न हलणारी, चालत्या गाडीत खडखडणारी काच ज्याने अनुभवली आहे, त्यास सरकत्या खिडकीचा मुख्य दोष निराळा सांगावयास नको. तिची खाच ही आडवी, वर तोंड असलेली पन्हळ असते; जी धूळ पडते ती तेथेच राहते. न्हावऱ्याच्या शिवारात ही धूळ साधी नसते. ऊस तुटून गेल्यावर पेटविलेल्या पाचटाची काळी, हलकी काजळी मैलभर उडते. दौंडकडील गुऱ्हाळांचा धूर त्यात मिसळतो. आणि उघड्या रानातील माती तर बारमाही आहे. काजळी व माती यांचा लगदा खाचेत बसला की चाके झिजतात. पाणी बाहेर जाण्यासाठी खाचेस जी बारीक छिद्रे असतात ती बुजतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात पाणी भिंतीवरून आत उतरते. हा दोष बनावटीचा कमी व निगेचा अधिक आहे, पण ज्या घरातील माणसे पहाटेपासून रानात असतात तेथे आठवड्याला खाच झाडण्याची अपेक्षा करणे हीच बनावटीतील चूक म्हटली पाहिजे.

बंद असतानाही दोहोंत भेद आहे. झडप बंद करताना रबराच्या पट्टीवर दाबली जाते. ती बाहेर उघडणारी असेल तर समोरून येणारा वाराच तिला चौकटीवर आणखी दाबतो. सरकत्या तावदानास दाबता येत नाही, कारण दाबल्यास ते सरकणार नाही. म्हणून त्याच्या कडेला केसाळ पट्टी लावतात, आणि ती काजळीस पुरती अडवीत नाही. श्वासाचा विकार असलेला रुग्ण घरात असल्यास ही बारीकशी गोष्ट सर्वांत मोठी ठरते.

राहिला गजांचा प्रश्न. शिरूर, आंबेगाव व जुन्नर भागातील उसात बिबट्याचा वावर असल्यामुळे वस्तीवरच्या घरात रात्री खिडकी उघडी ठेवणे हा केवळ चोराच्या भयाचा विषय उरलेला नाही. गज पक्के असतील तरच रात्रीचा वारा घेता येतो. जुन्या रचनेत गज चौकटीत बाहेरच्या अंगास, आणि झडपा आत, भिंतीच्या जाडीत उघडत. हात गजांबाहेर न काढता झडप लावता येई. भिंती पातळ झाल्यावर झडपा बाहेर गेल्या, गज आत राहिले, आणि झडप ओढून घेण्यासाठी गजांतून हात बाहेर काढावा लागू लागला. त्यात आतून मच्छरजाळी ठोकली की हातही जात नाही. अशा वेळी जाळीची चौकट आत उघडणारी करून घ्यावी लागते, आणि खर्च वाढतो. सरकत्या खिडकीत गज बाहेर, तावदाने व जाळी आत, अशी मांडणी विनासायास होते. तिच्या प्रसाराचे हे एक सबळ आणि न्याय्य कारण आहे.

या सर्वांचा विचार केला असता एका घरात सर्वत्र एकच प्रकार बसविण्याचा जो परिपाठ पडला आहे तो सोडून द्यावा असे दिसते. रानातील वस्तीवर, जेथे चहूबाजूंस मोकळी जागा आहे, निजण्याच्या खोलीस बाहेर उघडणारी झडपांची खिडकी असावी. पश्चिमेस झडप लाकडी वा निदान अपारदर्शक असावी, आणि उत्तरेस काचेची चालेल. स्वयंपाकघरास तर झडपच हवी, कारण तेथील धूर व वाफ अर्ध्या वाटेने निघत नाहीत. ओसरीवर उघडणारी आणि गल्लीकडची खिडकी सरकती असण्यास हरकत नाही, मात्र तिचे माप दीडपट-दुप्पट धरावे. राष्ट्रीय बांधकाम संहितेने खिडकीच्या तळाची उंची खुर्चीवर बसणाऱ्यासाठी ०.७५ मीटर, पलंगावरील माणसासाठी ०.६० मीटर आणि जमिनीवर बसणाऱ्यासाठी ०.४० मीटर सुचविली आहे. ज्या घरात जेवण, धान्य निवडणे व मुलांचा अभ्यास जमिनीवर होतो तेथे तीन फुटांवरून सुरू होणारी खिडकी, मग ती कोणत्याही प्रकारची असो, वारा डोक्यावरून नेते. अशा घरात निदान एका खिडकीचा तळ खाली आणावा, आणि लहान मुलांसाठी तेथील गज जवळजवळ बसवावेत.

फॅब्रिकेटरला द्यावयाच्या चिठ्ठीत आज ‘चार बाय चार, थ्री ट्रॅक’ एवढाच मजकूर असतो. त्यात उघडणाऱ्या भागाचे क्षेत्र, झडप असल्यास बिजागरीची कड आणि गजांची बाजू, या तीन गोष्टी लिहिल्या गेल्या तर खिडकीचा प्रकार कोणता, हे बहुतेक वेळा त्यांवरूनच ठरेल.